लिस्टवर फॉर लूप फिरवताना कितवा आयटम चालू आहे ते कसं काढायचं? इंडेक्स भलताच येतोय

दूधकट्टा:

नमस्कार मंडळी, पायथॉनमध्ये नवीन आहे, व्हिडिओ बघत बघत शिकतोय. काकांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, तिथलं मशीन सकाळच्या नोंदी एका टेक्स्ट फाईलमध्ये टाकतं, दोनशेच्या आसपास लोक दूध घालायला येतात. मला फार काही नको, रांगेतला टोकन नंबर आणि त्याच्यापुढे लिटर एवढीच ओळ छापायचीये. डिप्लोमाला सी होतं त्यात फॉर लूपमध्ये आय स्वतःच वाढवायचो त्यामुळे तो हाताशी असायचा, इथे लूप थेट आयटमच देतो, नंबर कुठून आणायचा? लॅपटॉप केंद्रावर आहे आणि मी मोबाईलवरून लिहितोय म्हणून कोड पण देवनागरीतच टाकतो, समजून घ्या.

लिटर = [६.५, ४, ६.५, ११, ४]
फॉर ल इन लिटर:
    प्रिंट(लिटर.इंडेक्स(ल), ल)

याचा आउटपुट असा येतो:

० ६.५
१ ४
० ६.५
३ ११
१ ४

पहिल्या दोन ओळी बरोबर, तिसरीला परत शून्य, चौथी बरोबर, पाचवी परत गंडली. मग ते सोडलं आणि वेगळा काउंटर ठेवून बघितला. मशीन कधीकधी रिकामं भांडं ठेवलं तरी शून्य लिटरची नोंद टाकतं, ती गाळायची होती म्हणून मध्ये इफ टाकलं:

क = १
फॉर ल इन लिटर:
    इफ ल == ०:
        कंटिन्यू
    प्रिंट(क, ल)
    क = क + १

आता नंबर ओळीने येतात पण वहीतल्या टोकनाशी जुळत नाहीत, शून्याची नोंद आली की तिथून पुढे सगळे एकाने मागे. काका वही घेऊन बसलेत, त्यांचा वहीवर जास्त विश्वास आहे आणि सध्या तरी वहीच बरोबर निघतेय. काय करू?

---

रात्रपाळी_डेव्हलपर:

एन्युमरेट वापर. बिल्ट-इन आहे, काही इंपोर्ट करायला नको.

फॉर न, ल इन एन्युमरेट(लिटर, स्टार्ट=१):
    प्रिंट(न, ल)

प्रत्येक फेरीला तो एक जोडी देतो, आधी नंबर मग आयटम, आणि फॉरच्या पुढे स्वल्पविराम देऊन दोन नावं लिहिली की जोडी आपोआप सुटते. स्टार्ट नाही दिलं तर शून्यापासून मोजतो, पावतीवर शून्य नंबरचा माणूस कुणालाच नको असतो म्हणून १ दे.

आता तुझं पहिलं का गंडलं ते. इंडेक्स या मेथडला लूप कुठपर्यंत आलाय याची खबरच नसते. तू तिला फक्त ६.५ हा आकडा देतोस, ती लिस्टच्या सुरुवातीपासून एकेक आकडा ताडून बघते आणि पहिला ६.५ जिथे सापडला तिथेच थांबून ती जागा सांगते. त्यामुळे दोघांचं दूध सारखं भरलं की दुसऱ्याला पहिल्याचाच नंबर जाणार. दुधात तर हे रोजचं आहे, अर्ध्या लिटरच्या टप्प्याने नोंदी असतील तर दोनशे लोकांत वेगवेगळे आकडे असून असून किती असणार. नावांच्या लिस्टवर ट्राय केलं असतंस तर कदाचित महिनाभर लक्षातही आलं नसतं, आणि मग एक दिवस एकाच नावाचे दोघं आले असते.

वरून ते हळू पण आहे. प्रत्येक फेरीला परत पहिल्यापासून शोधाशोध, म्हणजे दोनशे वेगवेगळ्या आकड्यांना २०,१०० वेळा ताडणं, ते कॉम्प्युटरला काहीच नाही, पण एक लाख नोंदी असल्या तर तोच हिशोब पाचशे कोटींवर जातो आणि मग चहा पिऊन आलास तरी चालूच असेल.

---

कोथरूडची_क्वेरी:

वरचं बरोबरच आहे पण दुसऱ्या कोडचं कुणी बोललं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. तुला नंबर नक्की कशाचा हवाय ते आधी ठरव. रांगेत कितवा, की छापलेल्या पावत्यांत कितवी? हे दोन वेगवेगळे नंबर आहेत आणि शून्याची नोंद येईपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून माणूस फसतो.

तुझा क फक्त छापलेल्या ओळी मोजत होता, कारण कंटिन्यू आला की लूप तिथूनच वर उडी मारतो, खालची क वाढवायची ओळ त्या फेरीला चालतच नाही. काकांची वही टोकन मोजते. दोघंही आपापल्या जागी बरोबरच म्हणायचे, फक्त वेगळ्या गोष्टी मोजत होते :)

टोकन हवं असेल तर आधी एन्युमरेट, मग गाळणी:

फॉर न, ल इन एन्युमरेट(लिटर, १):
    इफ ल == ०:
        कंटिन्यू
    प्रिंट(न, ल)

इथे नंबर फेरीच्या तोंडालाच ठरून येतो, मग आत तू कंटिन्यू कर नाहीतर काहीही कर, तो चुकत नाही. तिसरी नोंद शून्य असेल तर १, २, ४, ५ असं छापेल आणि मध्ये ३ नाही हे वहीशी जुळेल.

आणि पावत्यांचा सलग अनुक्रमांक हवा असेल तर उलटं कर, आधी गाळून नवी लिस्ट बनव आणि त्या लिस्टवर एन्युमरेट लाव:

भरलेले = [ल फॉर ल इन लिटर इफ ल > ०]

बिलाच्या कागदावर बऱ्याचदा दोन्ही लागतात, एक कॉलम अनुक्रमांकाचा आणि एक टोकनचा, तेव्हा एकाच नंबरकडून दोन्ही कामं करून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

एक गोष्ट मात्र करू नकोस, फॉर लूप चालू असताना त्याच लिस्टमधून शून्यं रिमूव्ह करणं. [६.५, ०, ०, ४] वर करून बघ, एक शून्य तसंच राहतं. एक काढलं की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात आणि लूप मात्र आपला पुढच्या घरावर जातो, त्यामुळे सरकून आलेला दुसरा शून्य त्याला दिसतच नाही. एरर काही येत नाही हीच त्यातली वाईट गोष्ट.

---

बटाटेवडा_४०४:

अरे पण फॉर आय इन रेंज(लेन(लिटर)) असं सरळ लिहिलं तर काय बिघडलं, सी शिकलेल्या माणसाला ते लगेच कळतं, मग लिटर[आय] घ्यायचं आणि छापताना आय + १ करायचं. मी अजूनही तसंच लिहितो आणि चालतंय.

---

रात्रपाळी_डेव्हलपर:

चालतं की, कोण नाही म्हणतंय. फक्त त्याला लिस्टसारखी, लांबी असलेली गोष्ट लागते. फाईल उघडून थेट तिच्या ओळींवर लूप लावला तर फाईलला लेन (लांबी) नसते, तिथे टाइपएरर येईल, जनरेटरला (मागेल तसा एकेक आयटम बनवून देणारा) पण तेच. एन्युमरेटला लांबी लागतच नाही, जे फॉरमध्ये चालतं ते त्याला चालतं, एकेक ओळ मागतो आणि नंबर चिकटवून पुढे देतो, अख्खी फाईल मेमरीत घेत नाही. ह्या भावाचा डेटा टेक्स्ट फाईलमधूनच येतोय म्हणून त्याला हेच सोयीचं. पायलिंट (कोड तपासून सूचना देणारं टूल) लावलंस तर तो पण तुझ्या त्या ओळीला एन्युमरेट वापर म्हणून टोकेल.

---

जुनाजाणता:

रेंज-लेनला उगाच शिव्या नकोत. एकाआड एक घर घ्यायचंय, किंवा आयटमशी देणंघेणंच नाही नुसत्या जागा हव्यात, तिथे रेंजच नीट वाचता येतं. पण आयटम पण हवा आणि जागा पण हवी, तर एन्युमरेट.

हे काही पहिल्यापासून नव्हतं. पायथॉन २.३ मध्ये आलं, २००३ साली, रेमंड हेटिंगर यांनी पेप २७९ मध्ये मांडलं होतं (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा प्रस्ताव). त्याच्या आधी पेप २१२ मध्ये लूपचा काउंटर देण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा सुचवून झाल्या होत्या, ते काही पास झालं नाही. तोवर लोक झिप (दोन-तीन लिस्टमधले आयटम एकेक करून एकत्र बांधून देणारं फंक्शन) आणि रेंज जोडून काम भागवायचे. आणि स्टार्ट तर त्याच्याही नंतर २.६ ला, २००८ मध्ये, म्हणजे मधली पाच वर्षं जो तो प्रिंटमध्ये अधिक एक करत बसलेला. जुन्या कोडमध्ये न + १ दिसलं की हसू नका, त्या बिचाऱ्याकडे दुसरा इलाज नसेल.

---

दूधकट्टा:

सगळ्यांना धन्यवाद, एन्युमरेट चाललं, टोकन वहीशी जुळले, ताई तुमचा तो दोन नंबरांचा मुद्दा काकांना पण पटला. आता पुढचं. नावं आणि फॅट पण त्याच ओळीत हवंय, तिन्ही वेगवेगळ्या लिस्ट आहेत, नावं, लिटर आणि फॅट. एका व्हिडिओत झिप बघितलं म्हणून असं लिहिलं:

फॉर न, नाव, ल, फ इन एन्युमरेट(झिप(नावं, लिटर, फॅट), १):

तर व्हॅल्यूएरर, नॉट इनफ व्हॅल्यूज टू अनपॅक, एक्स्पेक्टेड ४, गॉट २. चार कशाला दोन म्हणतोय?

तोवर काम भागवायला मी झिप काढून टाकलं आणि एन्युमरेट(लिटर, १) वरच आत नावं[न] आणि फॅट[न] घेतलं, ते चाललं बऱ्यापैकी, पण शेवटच्या माणसाला येऊन लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज.

---

कोथरूडची_क्वेरी:

थांब थांब, ते दुसरं छापून कुणाला देऊ नकोस!

स्टार्ट=१ ने फक्त नंबराचं लेबल १ पासून सुरू होतं, लिस्टची घरं शून्यापासूनच राहतात. म्हणजे न १ असताना ल हा पहिल्या माणसाचा आहे पण फॅट[१] हे दुसऱ्याचं आहे. ते चाललं नाहीये, प्रत्येकाच्या लिटरपुढे त्याच्या मागे उभ्या असलेल्याचं नाव आणि त्याचंच फॅट लागलंय, आणि शेवटच्याच्या मागे कुणी नाही म्हणून तिथे एरर आली. एरर आली हे नशीब समज. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर लागतो आणि त्याच्या वरखाली पॉइंटप्रमाणे पैसे वाढतात-कापतात, ३.२ वाल्याच्या लिटरला ४.१ चं फॅट लागलं तर दहा दिवसांच्या बिलाला केंद्रावर भांडण ठरलेलं. आणि शेवटी एरर नको म्हणून कुणी तिथे ट्राय-एक्सेप्ट टाकून गप्प केलं असतं तर कळलंही नसतं.

याच्या उलटी पण एक गंमत आहे. शून्यापासून मोजताना कालच्या किंवा आधीच्या नोंदीशी तुलना करायला फॅट[न - १] लिहिलं, तर पहिल्याच फेरीला ते फॅट[-१] होतं, आणि पायथॉनमध्ये वजा एक म्हणजे शेवटचं घर. एरर नाही, वॉर्निंग नाही, पहिल्या माणसाची तुलना शेवटच्याशी. त्यामुळे मी तरी एक नियम पाळते, स्टार्ट=१ दिलं की तो नंबर चौकटी कंसात टाकायचाच नाही, तो फक्त कागदावर छापायला.

बाकी तुझ्या पहिल्या एररचं उत्तर म्हणजे एक कंस राहिलाय:

फॉर न, (नाव, ल, फ) इन एन्युमरेट(झिप(नावं, लिटर, फॅट), १):
    प्रिंट(न, नाव, ल, फ)

एन्युमरेट दोनच गोष्टी देतो, नंबर आणि झिपने बांधलेलं गाठोडं. तू चार भांडी मांडलीस आणि वस्तू आल्या दोन, म्हणून एक्स्पेक्टेड ४ गॉट २. आतला कंस दिला की गाठोडं पण सुटतं.

---

रात्रपाळी_डेव्हलपर:

झिपचं अजून एक, तिन्ही लिस्ट सारख्या लांबीच्या आहेत का ते बघ. एकाचं फॅट मशीनने घेतलंच नाही तर फॅटची लिस्ट एकाने छोटी, आणि झिप सगळ्यात छोटी लिस्ट संपली की गुपचूप थांबतो, शेवटच्या माणसाची ओळच गायब. बरं, गहाळ झालेलं फॅट मधल्याचं असेल तर तिथून पुढे सगळे सरकले. झिप(नावं, लिटर, फॅट, स्ट्रिक्ट=ट्रू) कर, लांबी जुळली नाही की लगेच ओरडेल.

---

दूधकट्टा:

स्ट्रिक्ट टाकलं तर टाइपएरर, झिप टेक्स नो कीवर्ड आर्ग्युमेंट्स.

---

जुनाजाणता:

केंद्रावरच्या लॅपटॉपवर विंडोज ७ आहे का? असेल तर तुझं पायथॉन ३.८ किंवा त्याच्याही आतलं असणार, ३.९ पासून विंडोज ७ चा सपोर्ट बंद झाला. स्ट्रिक्ट आलं ३.१० मध्ये, २०२१ ला. लॅपटॉप बदलायचा नसेल तर लूपच्या आधी एक ओळ टाक, लेन(नावं) == लेन(लिटर) == लेन(फॅट) नसेल तर मेसेज छापून थांब. दोन इक्वल ओळीने लावलेले पायथॉनला चालतात, सी मध्ये हेच लिहिलं असतंस तर भलताच अर्थ झाला असता.

पण मी तुझ्या जागी असतो तर तीन लिस्ट ठेवल्याच नसत्या. फाईलच्या एका ओळीत एका माणसाचं सगळं येतंय ना? मग ती ओळ तोडून तीन डब्यांत का टाकतोस आणि परत झिपने का शिवतोस. ओळ वाचली की तिथल्या तिथे स्प्लिट कर, नाव, लिटर, फॅट एकत्रच राहू दे, नोंदी नावाची एकच लिस्ट, आणि तिच्यावर एन्युमरेट. फॅट नसलेली ओळ तिथेच पकडली जाईल, आणि ती कितवी ते पण एन्युमरेटच सांगेल, "ओळ ४७ मध्ये फॅट नाही" असा मेसेज आला की काका फाईल उघडून थेट ४७ वर जातील. वर शीर्षकाची ओळ असेल तर ती आधी नेक्स्टने वाचून बाजूला काढ आणि स्टार्ट=२ दे, म्हणजे एक्सेलमध्ये उघडल्यावर दिसणाऱ्या ओळीशी नंबर जुळतो. नाहीतर आपण ४७ म्हणतो, एक्सेलमध्ये ती असते ४८ वर, आणि काका परत वहीकडे वळतात.

---

बटाटेवडा_४०४:

बरं ते देवनागरी कोड बघून एक प्रश्न, हे असंच्या असं चालवलं तर? :D

---

कोथरूडची_क्वेरी:

फॉर, इन, इफ, प्रिंट हे इंग्रजीतच लागणार, पण लिटर, फॅट, नाव ही नावं देवनागरीत ठेवलेली पायथॉन ३ ला चालतात, पेप ३१३१ पासून. कोडमध्ये ६.५ असा मराठी आकडा लिहिला तर सिंटॅक्सएरर. गंमत म्हणजे तोच आकडा फाईलमधून स्ट्रिंग म्हणून आला आणि फ्लोट('६.५') केलं तर बिनतक्रार घेतो. त्यामुळे कुणी फाईलमध्ये हाताने मराठी आकडे भरले असतील तरी दूधकट्टाचं काम अडणार नाही. नावं मात्र मराठीत ठेवलीस तर कीबोर्ड दर शब्दाला बदलत बसावा लागतो, मला तरी ते जमलं नाही.

---

दूधकट्टा:

हो विंडोज ७ च आहे. नोंदीची एकच लिस्ट केली, कोड निम्मा झाला आणि दोन ओळींत फॅट नव्हतं ते पण सापडलं. शेवटचं विचारतो, काकांना स्क्रीनवर नवीन आलेला वर हवाय, म्हणजे उलट क्रमाने, पण टोकन ज्याचं त्याला. एन्युमरेट(रिव्हर्स्ड(नोंदी), १) केलं तर शेवटच्या माणसाला १ नंबर मिळतो, आणि रिव्हर्स्ड(एन्युमरेट(नोंदी, १)) ला टाइपएरर.

---

रात्रपाळी_डेव्हलपर:

पहिल्यात तू आधी रांग उलटी केलीस आणि मग नंबर वाटलेस, म्हणून शेवटच्याला १. दुसऱ्यात क्रम बरोबर आहे पण एन्युमरेटला शेवट माहीत नसतो, तो पुढेच चालतो, उलटा फिरवता येत नाही. मध्ये लिस्ट करून घे:

फॉर न, (नाव, ल, फ) इन रिव्हर्स्ड(लिस्ट(एन्युमरेट(नोंदी, १))):

दोनशे नोंदींची जास्तीची लिस्ट बनते, त्याने काही होत नाही. दिवसभराचं चालू ठेवून दर नोंदीला परत छापणार असशील तर आधीच्या ओळी पुसायचं बघावं लागेल, पण त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे शोधणाऱ्याला सापडणार नाही.